खोडलेल्या चौदा ओळी

रविवार, ९ फेब्रुवारी. पहाटे धुकं, नऊनंतर ऊन. सुताराने मागच्या दाराची कडी बसवून दिली. नात सकाळी यादी ठेवून गेली, संध्याकाळी घेऊन गेली. सत्याहत्तर ओळींपैकी चौदा खोडल्या. भाऊजींना विचारलं, ते म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. काम नीट झालं.

वहीचं हे पान आता आपोआप उघडतं, इतक्या वेळा मी ते वाचलं आहे. चौदा वर्षांची असताना शाळेतल्या सिस्टरनी मला पहिली वही दिली आणि बजावलं की जे घडलं ते लिही, तुला काय वाटलं ते लिहू नकोस. पासष्ट वर्षं मी तसंच लिहीत आले. काम नीट झालं, हे तीन शब्दही मी घडलेली गोष्ट म्हणूनच लिहिले होते.

भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ. दोन वर्षांचे असताना त्यांचे डोळे आले. शेजारच्या कुणीतरी त्यात कसलासा रस पिळला आणि आठ दिवसांत दृष्टी गेली. उजेड कुठल्या बाजूला आहे, एवढंही त्यांना कळत नाही. "मला अंधार दिसतो असं लोकांना वाटतं," ते म्हणायचे, "पण वहिनी, तुम्हाला पाठीमागे काय दिसतं? अंधार दिसतो का? काहीच दिसत नाही ना? तसंच."

अंधांच्या शाळेतून बाहेर पडल्यावर ते मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले आणि एकतीस वर्षं तिथेच राहिले. त्यांची खोली जिन्याखाली होती. एक बोर्ड, एक उंच स्टूल, भिंतीला पंखा. बोर्डावर दिव्यांच्या जागी बारीक खिळ्या होत्या, फोन आला की ती ती खिळी वर यायची आणि भाऊजींचं बोट तिच्यावर जायचं. दोनशे चाळीस विभागांचे नंबर त्यांना पाठ होते. सगळ्या गावाला त्यांचा आवाज ओळखीचा होता. दुकानात त्यांनी तोंड उघडलं की दुकानदार म्हणायचा, "साहेब, जरा वॉर्ड सहा जोडून द्या की." इस्पितळात लाइन थांबवून ठेवली तर वाजायला संगीत वगैरे नव्हतं. कुणाचा माणूस आत टेबलावर असायचा आणि बाहेरचा माणूस फोन धरून ताटकळत असायचा. त्या माणसाला एकटं वाटू नये म्हणून भाऊजी लाइनवर राहून हळू आवाजात गुणगुणायचे. सूर एकच, शब्द नाहीत, चाल त्यांची स्वतःचीच. कितीतरी लोकांनी नंतर येऊन सांगितलं की त्या गुणगुणण्याने आम्हाला धीर आला.

माझी जाऊ त्याच इस्पितळाच्या शिवणखोलीत चादरींना टीप मारायची. पावलांच्या आवाजावरून पसंत केली, असं भाऊजी सांगायचे. जाऊ म्हणायची, "माझी चप्पल तुटली होती म्हणून पाय घासत होते. ह्यांना वाटलं मुलगी शांत आहे." त्यांना एकच मुलगी झाली. ती पाळण्यात अशी एका पट्टीत रडायची की भाऊजी झोपेत हात पुढे करून "नमस्कार, हॉस्पिटल" म्हणायचे. तेव्हापासून तिचं नाव ट्रिंगी पडलं. तिचं शाळेतलं नाव वेगळं होतं, पण घरात ते कुणी वापरलं नाही.

ट्रिंगी वडिलांची काठी झाली, असं लोक म्हणत. तसं अजिबात नव्हतं. ती त्यांचा हात धरायची नाही. चार पावलं पुढे चालायची आणि भांडत चालायची. भांडणाच्या आवाजामागून भाऊजी बरोबर जायचे.

ती शिकली, लांबच्या शहरात एका प्रयोगशाळेत कामाला लागली. सहा वर्षांपूर्वी माझी जाऊ आजारी पडली. ट्रिंगी रोज फोन करून विचारायची, येऊ का? नवीन नोकरी होती, रजा नव्हती. भाऊजी रोज सांगायचे, काही नाही, बरी आहे, उगाच धावू नकोस. बायकोनंच त्यांना तसं सांगायला लावलं होतं. पण ते ट्रिंगीला कधी कळलं नाही. ती पोचली ती एक दिवस उशिरा. जमलेल्या माणसांसमोर ती वडिलांना म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही हे ठीक आहे, बाबा. पण ऐकूही आलं नाही?"

मी तिथेच उभी होते. एकतीस वर्षं ज्यांनी कानांवर संसार केला, त्या माणसाला हे वाक्य कुठे लागलं असेल ते मला तेव्हा कळलं होतं. ट्रिंगीलाही नंतर कळलं असावं. दोन महिन्यांनी तिने फोन केला. भाऊजींनी तिचं पहिलं "बाबा" ऐकलं आणि आपल्या कामाच्या, स्वच्छ आवाजात म्हणाले, "राँग नंबर." रिसीव्हर खाली ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढचे कित्येक दिवस फोन वाजला की तीन ढांगांत पोचायचे. पण तो फोन पुन्हा आला नाही. इकडून लावून पाहिला, तर तिने नंबर बदलला होता.

यजमान गेल्यापासून मी एकटीच होते. भाऊजींना मी माझ्याकडे आणलं आणि खालची खोली दिली. लोकांनी चार दिवस चर्चा केली, पाचव्या दिवशी कंटाळले. रोज सकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. मध्ये काही गाळलं तर त्यांना कळतं, मी श्वास कुठे घेते यावरून.

माझी नात, म्हणजे मुलीची मुलगी, एका कंपनीत आहे. ही कंपनी संगणकातली जगं तयार करते. डोळ्यांवर पेटीसारखा चष्मा बांधायचा, कानांवर झाकणं घालायची, दोन हातांत दोन मुठी धरायच्या आणि आपण तिकडे जातो. बाग असते, बाजार असतो, तळं असतं. जगात कुठेही बसलेली माणसं तिथे येतात, फिरतात, बोलतात. एकमेकांना ती बाहुल्यांसारखी दिसतात, डोक्यावर नाव तरंगत असतं, आणि आपण खरा हात हलवला की बाहुलीचा हात हलतो. हे सगळं डोळसांसाठी. आंधळ्या माणसाला त्यात काय मिळेल ते पाहायला कंपनीने तीन जणांचा एक लहानसा विभाग काढला होता. नात त्या विभागात होती आणि तिला आपले ऑपरेटर आजोबा आठवले.

चष्मा बांधल्यावर भाऊजी पहिलं काय म्हणाले, तर "सत्तर वर्षांत पहिल्यांदा चष्मा लागला." त्यांच्या कानात एक बाई बोलायची, समोर काय आहे ते सांगायला. पहिल्या दिवशी ती एवढंच म्हणत राहिली, वस्तू, वस्तू, दरवाजा, वस्तू, वस्तू. भाऊजींनी चष्मा वर सरकवला. "वहिनी, ही बाग आहे की भंगाराचं दुकान?"

नातीने सांगितलं की त्या बागेत तीनशे बारा वस्तू आहेत, पण त्या बनवणाऱ्यांनी कुणालाच नाव दिलेलं नाही. डोळे असलेल्याला गरज पडत नाही. ती नावं आणि वर्णनं कुणीतरी लिहायला हवी होती. "आजी, तू पासष्ट वर्षं रोज वही लिहितेस. तूच लिही," ती म्हणाली. मला मनातून फार बरं वाटलं.

मी लिहू लागले. पहिल्या दहा वस्तू भाऊजींनी नापास केल्या. मी लिहिलं होतं, लालसर फुलांनी बहरलेलं डेरेदार झाड. ते म्हणाले, "रंग राहू द्या, पण तो शेवटी. आधी ते आहे काय, मग कुठल्या हाताला, मग किती पावलांवर, आणि माझ्या कपाळाला लागेल की नाही." मग मी तसं लिहिलं. बाक, लाकडी, उजव्या हाताला चार पावलं, पाठ आहे, डावीकडची फळी सैल. नातीच्या लोकांनी प्रत्येक वस्तूला आवाज दिला, मुठींना थरथर दिली. काठी दगडाला लागली तर वेगळी, लाकडाला लागली तर वेगळी. तीनशे बारा वस्तू पूर्ण व्हायला मला अकरा आठवडे लागले. त्यानंतर भाऊजी फाटकापासून तळ्यापर्यंत, कुणाचं कोपर न धरता, चालत गेले. जन्मात पहिल्यांदा ते एकटे बागेत गेले होते. परत येऊन म्हणाले, "दोनदा आपटलो. टेंगूळ नाही."

मग त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, मी बागेत असताना तुमच्याकडचा पडदा बंद ठेवा, मला कुणाच्या नजरेखाली फिरायचं नाही. नात मला सगळं दिसावं म्हणून टीव्हीसारखा एक पडदा जोडून गेली होती, तो मी तेव्हापासून बंद ठेवला आणि शेजारी विणत बसू लागले. दुसरी गोष्ट त्यांनी बरेच दिवस घोळवून सांगितली. ट्रिंगीला कळवा म्हणाले. रोज सहा वाजता मी लाकडी बाकावर असतो. बोलायचं असेल तर तिने तिथे यावं. तिथे मी तिच्यावर ओझं नसेन, स्वतःच्या पायांनी आलेला असेन.

हीच त्यांची इच्छा होती. मी ज्या माणसाची हकीकत लिहिते आहे त्याला त्या वर्षात दुसरं काही नको होतं.

याच सुमाराला ती यादी आली. वस्तूंचं काम झालं होतं, आता माणसांचं बाकी होतं. बागेत कोण काय करतं त्यातलं बाईने काय काय सांगावं, अशी सत्याहत्तर ओळींची यादी होती. सगळंच सांगितलं तर बाई तोंड मिटेचना. आदल्या आठवड्यात ते करून पाहिलं होतं आणि भाऊजी वैतागले होते. स्टेशनवर बसल्यासारखं वाटतं म्हणाले, कोण आलं, कोण गेलं, कुणी कुणाला हात केला. इतरांच्या पावलांबद्दल तर म्हणाले, इथल्या सगळ्यांचे जोडे एकाच चांभाराचे, त्यांचा काय उपयोग. नात म्हणाली, आजी, नको ते तू काढ.

मी पट्टी लावून, पेन्सिलीने, चौदा ओळी खोडल्या. पाच फुटांच्या आत कुणी आलं तर सांगणं. त्याचं नाव. इतरांची पावलं. हात हलवणं. मान डोलावणं. शेजारी बसणं. उठून जाणं. बाकीच्याही अशाच. अनोळखी माणसांच्या हालचालींकडे टक लावून पाहू नये, त्यावर बोलू तर मुळीच नये, असं आम्हाला लहानपणी शिकवलं होतं. शिवाय ज्याला बोलायचं असेल तो बोलेलच, असा मी विचार केला. संध्याकाळी नात यादी घेऊन गेली.

त्यानंतर दहा दिवसांनी मी ट्रिंगीला पत्र लिहिलं. प्रयोगशाळेचा पत्ता माझ्याकडे होता. बागेत कसं यायचं ते नातीकडून लिहून घेतलं होतं, तेही जोडलं. पत्राची नक्कल मी नेहमी वहीत ठेवते, त्यामुळे मी काय लिहिलं ते मला नाकारता येत नाही. मी लिहिलं होतं, "तिथे बाबांना सगळं दिसतं. एक फळी सैल आहे, तीसुद्धा दिसते." अभिमानाने लिहिलं होतं. आठवड्याने कार्ड आलं, त्यावर एकच शब्द होता. बघते.

भाऊजींनी ते कार्ड माझ्याकडून मागून घेतलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. मार्च आला. ते रोज पावणेसहाला दाढी तपासून बघत. मी म्हटलं, "बाहुलीला दाढी नसते हो." ते म्हणाले, "तिला आवाजावरून कळतं." ते जायचे, बसायचे, तासाभराने चष्मा काढायचे. कुणी आलं का, हे मी विचारत नसे, ते सांगत नसत. काही दिवसांनी त्यांचा ताण गेला असं मला वाटलं. १३ मार्चच्या नोंदीत आहे, "भाऊजी आज खुशीत. म्हणाले, बाग फार शांत होती, कधी नव्हे इतकं बरं वाटलं."

एप्रिलमध्ये मी ट्रिंगीला पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. कामात असेल, मी म्हटलं. "हो, कामात असेल," भाऊजी म्हणाले. जूनपासून ते बागेत कधी जात, कधी नाही. सहाची वेळ आली की मात्र बोलणं तोडत. एकदा म्हणाले, "बरोबरच आहे तिचं. मीच तर सांगितलं तिला, नंबर चुकलाय म्हणून."

२० सप्टेंबरला, शनिवारी, नात आली. आल्या आल्या नेहमीसारखी स्वयंपाकघरात गेली नाही. कंपनीत सहामाही तपासणी होती. बाईने काय काय सांगितलं नाही, त्याची नोंदही यंत्र ठेवतं, हे मला माहीत नव्हतं. नातीच्या हातात तीन कागद होते. "आजी, ट्रिंगी म्हणजे मावशीच ना?" तिने विचारलं आणि मला खाली बसायला सांगितलं.

३ मार्च ते १३ मार्च. अकरा संध्याकाळी. आलेल्याचं नाव: ट्रिंगी. पहिल्या दिवशी सहा वाजून सात मिनिटांनी ती बाकासमोर तीन फुटांवर येऊन उभी राहिली. उजवा हात हलवला. चार मिनिटं थांबली आणि गेली. दुसऱ्या दिवशी दोनदा हात हलवला. पाचव्या दिवशी दोन्ही हात. आठव्या दिवशी बाकाला फेरी मारून पुन्हा समोर आली. अकराव्या दिवशी ती त्यांच्या डाव्या बाजूला, त्या सैल फळीवर, बसली. अडतीस मिनिटं बसून राहिली. उठली, एकदा हात हलवला, गेली. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शेरा होता, सांगितले नाही.

भाऊजींना सांगायचं की नाही, यावर नात आणि मी हळू आवाजात बोलत होतो. हळू आवाजाचा त्या घरात काही उपयोग नसतो. ते दारात येऊन उभे होते.

"आली होती?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"वाचा."

मी अकराही दिवस वाचले. मध्ये ते एकदाच बोलले. शेवटच्या दिवशी कुठल्या बाजूला बसली होती, म्हणाले. डाव्या, मी सांगितलं. त्यांनी डावा हात खुर्चीच्या बाजूला थोडा खाली सोडला आणि तिथेच ठेवला. मग मी माझी चौदा ओळींची गोष्ट सांगितली. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "पावलं मीच काढायला लावली होती, वहिनी. चांभार मीच काढला."

त्याच दिवशी मी ट्रिंगीला पत्र लिहिलं, चार पानी. कुठलंही कारण पुढे न करता, कोणी काय खोडलं, का खोडलं, पडदा का बंद होता, सगळं. नातीने दुसऱ्या दिवशी चौदाच्या चौदा ओळी परत घातल्या. आणि भाऊजी सकाळी वर्तमानपत्र वाचून झाल्यावर म्हणाले, मला हात करायला शिकवा.

सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने जन्मात कधी हात केला नव्हता. कुणी कुणाला केलेला पाहिलाच नव्हता. त्यांनी बस थांबवतात तसा दंड सरळ वर केला. मी त्यांचं मनगट धरलं. पन्नास वर्षांत त्यांनी माझं कोपर हजार वेळा धरलं असेल, पण त्यांचा हात मी पहिल्यांदाच हातात घेतला. पंजा उघडा, बोटं सैल, हालचाल मनगटातून, इकडून तिकडे.

"याचा आवाज तर होत नाही," ते म्हणाले. "मग का करतात?"

"लांबून कळावं म्हणून."

"लांबून हाक मारता येते."

"कधी कधी हाक मारवत नाही, भाऊजी."

ते बराच वेळ हात हलवून पाहत राहिले. मग विचारलं, "समोरच्याने नाही केला, तर काय समजायचं?" उत्तर त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवसापासून ते पुन्हा रोज सहाला जाऊ लागले. मला म्हणाले, पडदा सुरू करा आणि बघत बसा, आता मला लाज नाही. बाकावर बसलेली त्यांची बाहुली मी पहिल्यांदा पाहिली. नातीने तिला राखाडी कोट घातला होता. समोर कुणी नसतानाही ती बाहुली उजवा हात हलवायची, थांबायची, पुन्हा हलवायची. बाजूने जाणारे कधी कधी उलट हात करायचे. बाई सांगायची, हात हलवला, नाव अमुक. भाऊजी मान झुकवायचे. ते नाव तिचं नसायचं.

९ ऑक्टोबरला ट्रिंगीचं पत्र आलं. पाकीट मी स्वयंपाकघरात उघडलं आणि आधी मनात वाचलं, जे मी भाऊजींना वाचून दाखवायच्या पत्रांच्या बाबतीत कधी करत नाही. तिने लिहिलं होतं की काकू, तुमच्यावर माझा विश्वास आहे, चूक कुणाची नाही हेही मान्य आहे. तुम्हाला सगळं माहीत असून तुम्हीही गप्प आहात असं मला इतके दिवस वाटत होतं. खाली एक परिच्छेद होता. तो गाळता आला असता. पत्र त्याच्याशिवायही पुरं वाटलं असतं, आणि श्वास जागच्या जागी घेण्याची खबरदारी मी घेतली असती.

मी ते पत्र घेऊन खाली गेले आणि पहिल्या शब्दापासून वाचलं. तो परिच्छेदही वाचला.

"शेवटच्या दिवशी मी शेजारी बसले तेव्हा बाबा गुणगुणत होते. तेच, लाइन थांबवून ठेवल्यावर गुणगुणायचे ते. मला वाटलं, मी आहे हे त्यांना कळलंय आणि त्यांनी मला थांबवून ठेवलंय. मी अडतीस मिनिटं थांबले. त्यानंतर मला जे रडायचं होतं ते मी रडून घेतलं, काकू, आणि सगळं मिटवून ठेवलं. आता ते पुन्हा उघडायची ताकद माझ्यात नाही. बाबांना सांगा, माझा राग नाही. पण मी येणार नाही."

भाऊजींनी विचारलं, "सगळं वाचलंत?"

"सगळं."

"बरं केलंत." थोड्या वेळाने ते म्हणाले, "कुणीतरी एकटं बसलंय असं मला त्या दिवशी वाटलं होतं. का वाटलं, सांगता येत नाही. म्हणून गुणगुणलो."

एवढंच. त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. मात्र सहाची वेळ चुकवली नाही. मी एकदा म्हटलं, तिने येणार नाही असं लिहिलंय. ते म्हणाले, लिहिलंय ते ऐकलं मी, तिने अकरा दिवस केला, तिच्या पत्रानंतरचे माझे अजून व्हायचेत. अकरा झाले, पंधरा झाले, त्यांनी मोजणं सोडलं.

ऑक्टोबरअखेरीला ती बाग बंद करायचं कंपनीने ठरवलं. येणारे कमी झाले होते, आणि नातीचा तीन जणांचा विभाग दुसऱ्या कामाला लावला. तीनशे बारा वस्तूंची वर्णनं कुठे जातील, मी विचारलं. कुठेच नाही, आजी, ती म्हणाली. ट्रिंगीला बंद होण्याची तारीख कळवायची का, असं मी भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, कळवा, पण या असं लिहू नका. मी कार्डावर फक्त तारीख आणि वेळ लिहिली.

शेवटच्या संध्याकाळी बागेत गर्दी झाली. एरवी न फिरकणारे लोकही निरोप घ्यायला आले होते. बाई एकामागून एक नावं घेत होती. पाच फुटांच्या आत अमुक, हात हलवला तमुक, शेजारी बसले अमुक. भाऊजींनी तिचा वेग कमी करू दिला नाही की आवाज कमी करू दिला नाही. प्रत्येक नाव ऐकायचे, त्या बाजूला वळायचे, हात करायचे. मनगट आता छान सुटलं होतं. मी पडद्यासमोर बसून प्रत्येक नाव वहीत टिपत होते. एक्केचाळीस नावं झाली. पावणेसातनंतर गर्दी ओसरली. डाव्या बाजूची सैल फळी रिकामी होती, ते मी त्यांना सांगितलं. आता मी त्यांना सगळं सांगते. ते गुणगुणले नाहीत. हात वर धरून बसून राहिले. सात वाजता पडदा पांढरा झाला.

त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. कपाळावर त्याचा वळ उठला होता. "लाइन गेली, वहिनी," ते म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. मी चष्मा आणि दोन्ही मुठी पेटीत घातल्या. मग वही उघडली.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर. दिवसभर कोरडं. बाग सात वाजता बंद झाली. एक्केचाळीस जण आले. गॅसची रबरी नळी बदलून घेतली, जुनी चार वर्षं टिकली.